रानपिंगळा आणि त्याची ढोली

रानपिंगळ्याचा शास्त्रीय इतिहास १८७३ मध्ये सुरू झाला आणि अकरा वर्षांतच थांबला. आजच्या छत्तीसगडमध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आदल्या वर्षी मिळालेल्या नमुन्यावरून ए. ओ. ह्यूम यांनी या छोट्या घुबडाचं वर्णन केलं आणि जातीला ब्लेविट यांचंच नाव दिलं. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कुणालाच सापडेना.

त्यात एका खोट्या नोंदीने शोधाची दिशाच चुकली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातल्या नमुन्यावर १९१४ साल आणि गुजरातमधल्या मांडवीचं नाव होतं. १९९० च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच, चोरून पुन्हा भरलेला निघाला. मांडवी बाद झाली, खानदेश उरला. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी रासमुसन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांचा खंड संपला.

पक्षी सापडला, पण त्याचं संरक्षण करायचं तर त्याचं घर ओळखायला हवं होतं. पुढच्या वर्षांत अभ्यासक तोरणमाळ आणि मेळघाटात फिरले, ते झाडांच्या ढोली शोधत. रानपिंगळ्याला खोड कोरता येत नाही. फांदी मोडून आतलं लाकूड कुजल्यावर पडलेल्या पोकळीत किंवा सुतारपक्ष्याने सोडलेल्या घरात तो अंडी घालतो. म्हणजे त्याच्या आधी तिथे वाळवी, बुरशी, सुतार यांनी वर्षानुवर्षं काम केलेलं असतं.

अशा ढोलीखाली थांबून पाहिलं तर बरंच कळतं. बुंध्याशी लाकडाचा ताजा भुगा आणि कपच्या पडल्या असतील, तर सुतार किंवा तांबट नुकता कोरून गेलेला असतो. ढोलीच्या तोंडाची कड गुळगुळीत झाली असेल, तर तिथे वरचेवर जा-ये आहे. तोंडावर अखंड कोळिष्टक असेल, तर सध्या कुणी राहत नाही. सालीवरचे नखांचे लांब ओरखडे घोरपडीचे असू शकतात. तोंड लिंपून बंद केलं असेल आणि मधे फक्त फट उरली असेल, तर आत धनेशाची मादी आहे. तिच्या झाडाखाली फळांच्या बियांचा सडा असतो. खोडावर पांढरे ओघळ आणि खाली केस, हाडं, किड्यांची कवचं यांच्या ओकलेल्या गोळ्या मिळाल्या, की घुबडाची जागा असल्याचा अंदाज बांधता येतो. ते साधा पिंगळा आहे की रानपिंगळा, हे मात्र खुणांवरून ठरत नाही. त्यासाठी पक्षीच पाहावा लागतो. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, आणि तो दिवसाही शिकार करतो.

२०१४ मध्ये रानपिंगळा ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात आढळला. तिथे तो आहे, असं त्याआधी फारसं कुणाला वाटलं नव्हतं. २०१८ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आणलं. आनंदाची बातमी, पण बेफिकीर राहावं अशी नाही. शेतीसाठी जंगल साफ होतं, सरपणासाठी वठलेली झाडं पडतात, आणि ढोली असलेलं झाड बहुतेकांना निकामी वाटतं.

दीडशे वर्षांचा हा प्रवास पाहिल्यावर मला एक आग्रह धरावासा वाटतो. जंगलातलं, बांधावरचं किंवा देवराईतलं पोकळ झाड तोडण्याआधी त्याच्या बुंध्याशी थोडा वेळ उभं राहून या खुणा पाहाव्यात. कपची, ओरखडा, बी किंवा हाडांची गोळी, यांतलं काहीही दिसलं तर कुऱ्हाड बाजूला ठेवावी. नवी रोपं कितीही लावली, तरी त्यांत ढोली तयार व्हायला अनेक दशकं लागतात, आणि तेवढी वाट पाहणं रानपिंगळ्याला परवडणारं नाही.