जिवंत पाणी : ख्रिस्ती धर्मातील तहानेचे प्रतीक आणि मराठी मुलखातील विटाळ

पेणहून नागोठण्याकडे जाताना कासू हे गाव लागते. तेथून धरमतर खाडीच्या दिशेने वळले की खारेपाटाचा प्रदेश येतो. पावसाळ्यात येथील खाचरे तुडुंब भरतात; उन्हाळ्यात मात्र शेजारी खाडी असूनही पिण्याच्या पाण्याची चणचण भासते. पाणी पुष्कळ असणे आणि तहान भागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथील माणसास सांगावे लागत नाही. विहीर खणताना तळाशी सतत वाहणारा झरा लागला, तर आपण त्यास ‘जिवंत झरा’ म्हणतो. ख्रिस्ती धर्मग्रंथातील पाण्याच्या प्रतीकाचा विचार करताना हा शब्दप्रयोग फार उपयोगी पडतो. हिब्रू भाषेतही वाहत्या पाण्यास ‘मयीम हय्यीम’, म्हणजे शब्दशः ‘जिवंत पाणी’, असेच म्हणतात.

पॅलेस्टाइनसारख्या कोरड्या प्रदेशात पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या टाक्यांत साठवीत असत. यिर्मया संदेष्ट्याने आपल्या लोकांवर ठेवलेला ठपका या व्यवहारातूनच आलेला आहे : परमेश्वररूपी झरा सोडून त्यांनी स्वतःसाठी टाकी खोदली आणि तीही फुटकी निघाली. बेचाळिसाव्या स्तोत्रातील तहानलेली हरिणी ही भक्ताच्या जिवाचीच प्रतिमा होय. पुढे गिरिप्रवचनात धार्मिकतेची भूक आणि तहान लागलेल्यांस येशूने धन्य म्हटले. ही तहान म्हणजे केवळ उणीव नव्हे. ती ईश्वराकडे नेणारी ओढ आहे, ही धारणा या सर्व उल्लेखांच्या मुळाशी आहे.

या प्रतीकाचा सर्वांत समृद्ध आविष्कार योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आढळतो. सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीपाशी, भर दुपारी, प्रवासाने थकलेला येशू बसलेला आहे. एक शोमरोनी स्त्री पाण्यास येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. त्यानंतर जिवंत पाण्याचा विषय निघतो : विहिरीचे पाणी पिणारास पुन्हा तहान लागेल, आपण देऊ ते पाणी मात्र पिणाऱ्याच्या अंतरी झरा होऊन राहील, असे येशू सांगतो.

प्रवचनांतून सामान्यतः या उत्तरार्धावरच भर दिला जातो. त्या स्त्रीच्या पाच पतींची चर्चा तर गरजेपेक्षा कितीतरी अधिक होते. प्रस्तुत लेखकास पूर्वार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. येथे दाता स्वतः तहानलेला आहे. ज्या ग्रीक क्रियापदाचे भाषांतर ‘व्यवहार ठेवणे’ असे केले जाते, त्याचा अर्थ ‘एकत्र वापरणे’, म्हणजे एकाच भांड्यातून खाणेपिणे, असा असावा, असे प्रतिपादन डेव्हिड डाउब यांनी १९५० मध्ये केले. हा अर्थ स्वीकारला तर स्त्रीचा प्रश्न अगदी रोखठोक ठरतो : तू माझ्या भांड्याचे पाणी पिणार? येशू प्रत्यक्षात पाणी प्याला की नाही, हे योहान सांगत नाही. मात्र त्यानंतर तो शोमरोन्यांच्या गावी दोन दिवस राहिला, एवढे तो आवर्जून नोंदवितो.

मराठी वाचकास या प्रश्नावर भाष्याची गरज नाही. कासू ज्या जिल्ह्यात आहे त्याच, तेव्हा कुलाबा म्हटल्या जाणाऱ्या, जिल्ह्यात महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि न्यायालयातील वाद १९३७ पर्यंत चालला. ते पाणी पिऊन कोणी अमर होणार नाही, आपण येथे माणूस म्हणून समानता सिद्ध करण्यास आलो आहोत, असा बाबासाहेबांच्या त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील भाषणाचा आशय होता. सूखारच्या विहिरीवर अमरत्वाचे पाणी देऊ केले जाते. महाडास ते अपेक्षितही नाही. हा भेद मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, सामायिक भांड्याचा प्रश्न टाळून पुढे केलेले जिवंत पाणी योहानाच्या कथेतील पाणी नव्हे.

मराठी ख्रिस्ती साहित्यात याची साक्ष लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३७) या आत्मचरित्रात मिळते. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे होते की, बाजारातून आणलेले मीठही धुऊन घेतले जाई. पाणी येथे तहान भागविण्यापेक्षा माणसांस दूर ठेवण्याच्या कामी आले. पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, पण आपले सोवळे सांभाळूनच. दीर्घ विचारांती त्यांच्या मनातील जातिभेद गळून पडला. सर्वांच्या हातचे अन्नपाणी त्यांनी आपलेसे केले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. हा क्रम शोमरोनी स्त्रीच्या कथेतील क्रमाशी जुळतो : आधी भांडे सामायिक, मग जिवंत पाणी.

बाप्तिस्म्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. कॅथलिक परंपरेत या विधीस ‘स्नानसंस्कार’ म्हणतात. पाणी व आत्मा यांपासून नव्याने जन्मण्याविषयी येशूने निकदेमास जे सांगितले, त्याच्याशी या संस्काराचा संबंध जोडला जातो. परंतु येथील समाजात ते पाणी डोक्यावर पडताच घर, पंक्त आणि पाणवठा तुटत असे, आणि जन्माचा विधी ताटातुटीची खूण ठरे. टिळकांनी हे स्वतः भोगले होते. १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून बाहेर पडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, तेव्हा त्याची दारे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांस खुली ठेवली. अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले.