पोढीतलं पाणी

श्रावणातल्या एका शनिवारी रात्री वडगावातल्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर, मी एक कोरियन चित्रपट लावला. बघायला माझ्यासकट सहा जण होतो. बाहेर पावसाची झड, मधूनच लोकलचा खडखडाट. वीसेक मिनिटं झाली असतील, तोच अकरावीतला भाचा म्हणाला, "मामा, दीडपट वेगानं लाव ना." त्याचा अंगठा एव्हाना मोबाइलवर फिरू लागला होता. शेजारचे अण्णा एसटीतून निवृत्त झालेले. ते आधी खुर्चीत सावरून बसले, मग घसा खाकरला, आणि तासाभरानं उभेच राहिले. "ह्यात कायच होईना की!" म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. चिडले होते. त्यांच्या सूनबाई मागं राहिल्या, पण त्यांचंही चित्त ठिकाणावर नव्हतं. गॅस बंद केला का, दूध झाकलं का, म्हणून दोनदा घरी जाऊन आल्या. माझी बायको प्रत्येक दृश्याला विचारायची, "म्हणजे ह्याचा अर्थ काय?" आणि आत्या भिंतीला टेकून गाढ झोपली होती.

चित्रपटाचं नाव 'बोधिधर्म पूर्वेकडे का गेला?'. दिग्दर्शक बे योंग-क्यून हे मूळचे चित्रकार, चित्रकलेचे प्राध्यापक. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन असं सगळं त्यांनी स्वतः केलं. एकच कॅमेरा आणि सात वर्षांची मेहनत. १९८९ साली लोकार्नोच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण बिबट्या, मिळाला. गोष्ट सांगायची तर चार ओळींत संपते. डोंगरातल्या मठात एक म्हातारा गुरू, एक तरुण भिक्खू आणि एक अनाथ पोर. पोर दगड भिरकावतं, पाखरू जखमी होतं. पोर त्याला जगवायला धडपडतं, तरी ते मरतं; त्याचा जोडीदार मात्र आसपास ओरडत राहतो. पुढं गुरू जातो. शिष्य एकटाच त्याला अग्नी देतो आणि एकटाच त्याच्या अस्थी गोळा करतो. उरलेला वेळ पाणी, धुकं, झाडं, दिव्याचा उजेड.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी घरातल्या प्रेक्षकांची उजळणी करत होतो. एकाला दुसरं काही तरी हवंसं झालं. एक चिडला. एक झोपली. एकीला चैन पडेना. एकीला शंका फिटेना. आणि मग लख्ख आठवलं, ही यादी मी वाचलेली आहे! पाली ग्रंथांत ध्यानाला बसणाऱ्याच्या वाटेतले पाच अडसर सांगितले आहेत, पाच नीवरणं: कामच्छंद, व्यापाद, थीनमिद्ध, उद्धच्चकुक्कुच्च आणि विचिकिच्छा. मराठीत सांगायचं तर हवंहवंसं वाटणं, राग, सुस्ती, चुळबुळ आणि शंका. चौथ्या जोडशब्दातलं कुक्कुच्च म्हणजे केल्या-न केल्याची रुखरुख. गॅस बंद केला का, ही तर अगदी तीच! अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेनं आमच्या बाहेरच्या खोलीची हजेरी आधीच घेऊन ठेवली होती.

या पाचांसाठी संयुत्तनिकायातल्या संगारव सुत्तात पाण्याच्या उपमा आहेत. चांगल्या नजरेच्या माणसाला भांड्यातल्या पाण्यात आपला चेहरा बघायचा आहे. पाण्यात लाख, हळद, नीळ कालवलेली असेल तर दिसणार नाही, ती हाव. पाणी उकळत असेल तर दिसणार नाही, तो राग. वर शेवाळ धरलं असेल, ती सुस्ती. वाऱ्यानं तरंग उठत असतील, ती चुळबुळ. गढूळ पाणी अंधारात ठेवलं असेल, ती शंका. किती घरगुती उपमा आहेत या! हळदीचं पाणी आणि आधणाचं पाणी ज्यानं रोज बघितलं, त्यालाच हे सुचावं.

आमच्या मावळात हे पाणी बघायला फार लांब जावं लागत नाही. वडगावहून लोणावळ्याकडची लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं आणि भाज्याच्या पायऱ्या चढायच्या. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली ही लेणी. चैत्यगृहापाशी लोक फोटो काढतात आणि परततात. थोडं पुढं गेलं की कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात. इथल्या एका शिलालेखात, महारठी विण्हुदत नावाच्या कुणा कोसिकीपुत्रानं टाकं दान दिल्याचं कोरलेलं आहे, आणि टाक्यासाठी तिथं शब्द आहे 'पोढी'. पावसाळ्यात पोढी तुडुंब असते. वाकून बघितलं तर पाणी काळं दिसतं. वारा पडला की आधी वरच्या कातळाची कड उमटते, मग आभाळ, आणि मग अगदी जवळ आपलाच चेहरा. कड्यावरून एक थेंब पडतो, चेहरा फुटतो, आणि परत जुळून येईपर्यंत थांबावं लागतं. शेजारच्या विहारांतल्या दगडी ओट्यांवर जे भिक्खू बसत-निजत, त्यांना ही पाच नावं परकी नसणार, आणि पाणी तर ते रोज इथूनच भरत असणार.

या पाली शब्दांची मला ओळख झाली ती धर्मानंद कोसंबींमुळे. गोव्यातला हा माणूस बुद्धाच्या ओढीनं घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश फिरला, भिक्खू झाला, पुढं पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागला, आणि त्याच्याही आधी, १९१०पासून, हार्वर्डला जाऊन त्यानं बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ध्यानावरच्या थोर ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्तीही त्यांनीच १९४० साली सिद्ध केली. त्यात एक जागा मला फार प्रिय आहे. चित्त स्थिरावू लागलं की 'पीति' उठते, तिचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातली सगळ्यात धाकटी ती खुद्दिका. तिची ताकद अंगावर काटा आणण्यापुरतीच. पुढची विजेसारखी क्षणभर चमकणारी, त्यापुढची किनाऱ्यावर लाटा फुटाव्यात तशी. दिव्याच्या उजेडात नुसता एक चेहरा दिसत राहतो, अशा एका दृश्याला त्या रात्री माझ्या हातावर काटा उभा राहिला. तेव्हा तिला नाव आहे हे आठवलं नव्हतं.

पण संथ चित्रपटातच हे सगळं वर का येतं? याचं एक उत्तर प्रयोगशाळेतून आलं आहे. मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली लिहिलं, की एकच चित्रफीत बघताना वेगवेगळ्या माणसांचे मेंदू किती एकसारखे चालतात हे मोजता येतं. हिचकॉकच्या रहस्यमालिकेतला एक भाग दाखवला तेव्हा मेंदूच्या बाह्यपटलाचा सुमारे ६५ टक्के भाग सगळ्या प्रेक्षकांत एका तालात चालला. न्यूयॉर्कमधल्या एका उद्यानात कॅमेरा नुसता ठेवून केलेलं, एकही काट नसलेलं चित्रण दाखवलं, तर हाच आकडा ५ टक्क्यांच्या आत आला. हिचकॉक सगळ्यांचं बोट धरून एकाच वाटेनं नेतो. कुठं बघायचं, केव्हा दचकायचं, हे तो ठरवतो, आणि त्याचं ते कसब अफाट आहे. उद्यानातल्या चित्रणात बोट धरणारं कुणी नाही. बोट सुटलं की मन आपल्या नेहमीच्या वाटेला लागतं: कुणाचं मोबाइलकडं, कुणाचं गॅसकडं, कुणाचं झोपेकडं. मला हे वाचताना रोमांच आले. सहा माणसं एका भिंतीकडं बघत बसलेली, आणि खरं तर खोलीत सहा चित्रपट चालू!

भिंतीवरून आठवलं. ज्या बोधिधर्माचं नाव चित्रपटाला आहे, तो परंपरेनुसार दक्षिण भारतातून चीनला गेला आणि एका गुहेत नऊ वर्षं भिंतीकडं तोंड करून बसला. आपला 'ध्यान' हा शब्द पालीत 'झान' झाला, चीनमध्ये 'चान', कोरियात 'सोन' आणि जपानात 'झेन'. चार देश हिंडून आलेला शब्द आपण रोज "ध्यानात ठेव" म्हणून वापरतो. आणि आत्याच्या झोपेबद्दल म्हणाल, तर खुद्द बोधिधर्मही पेंगला होता, असं दंतकथा सांगते. स्वतःवर चिडून त्यानं पापण्याच कापून टाकल्या. त्या जिथं पडल्या तिथं चहाचं झुडूप उगवलं. भिक्खूंना जागं ठेवणारा चहा तेव्हापासूनचा. झोपेची लढाई इतकी जुनी आहे, की आपल्या सकाळच्या पहिल्या कपामागंही तिचीच गोष्ट आहे.

अर्थात झोपेला सगळ्यांनीच शत्रू मानलेलं नाही. इराणचे अब्बास किआरोस्तामी म्हणत, की प्रेक्षकाला डुलकी काढू देणारे चित्रपट त्यांना आवडतात. थिएटरात झोप येते, पण नंतर तेच चित्रपट रात्र-रात्र जागवतात. तैवानमध्ये काम करणारे त्साय मिंग-लियांग यांनी तर २०१२पासून एक मालिकाच केली आहे: लाल चीवर घातलेला एक भिक्खू शहराच्या गर्दीतून इतका सावकाश चालतो, की एका पावलाला मिनिटांचा हिशेब लागावा. हाँगकाँगच्या रस्त्यावरचे खरेखुरे लोक त्याच्या बाजूनं जातात. कुणी थबकतं, कुणी फोन काढतं, बाकीच्यांना तो दिसतही नाही. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया चित्रपटाच्या आतच आल्या! या भिक्खूमागची प्रेरणा कोण, तर युआन च्वांग, आपण शाळेत ज्याला ह्युएन त्संग म्हणून शिकलो तो. सातव्या शतकात, पुलकेशीच्या राज्यात, तो महाराष्ट्रातूनही गेला होता, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं नोंदवून ठेवलं आहे.

पण मला त्या रात्रीच्या खोलीत परत जायचं आहे, कारण शेवटच्या भागात एक गोष्ट घडली. शिष्य राखेत बसून गुरूची हाडं वेचू लागला. संवाद नाही, संगीत नाही. नुसती राख आणि दोन हात. सूनबाईंची चुळबुळ केव्हा थांबली मला कळलं नाही. त्या पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. भाच्याचा मोबाइल जमिनीवर पालथा पडलेला. आणि मागून आवाज आला, झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा, पण अगदी स्पष्ट: "एकटाच सावडतोय गं बाई." आत्या जागी होती. आमच्याकडं तिसऱ्या दिवशी सावडायला सगळी भावकी जमते, राख इंद्रायणीत जाते. कोरियातल्या त्या डोंगराचा विधी तिला कुणी समजावून सांगितला नव्हता. तिला त्यात एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे तिथं नसलेली माणसं. दोन तास झोपलेल्या बाईनं त्या दृश्याचं मर्म एका वाक्यात सांगितलं, आणि माझ्या बायकोनं त्यानंतर अर्थ विचारला नाही.

चार दिवसांनी सकाळी अण्णा फाटकाशी आले. पावसाची उघडीप होती, हातात दुधाची पिशवी. इकडचं-तिकडचं बोलले, भातलावणीचं, खड्ड्यांचं. मग जायला निघाले आणि वळले.

"त्या दुसऱ्या पाखराचं काय झालं हो शेवटी?"

"रविवारी या, परत लावतो."

"तुमचा पिच्चर नको. तुम्ही नुसतं सांगा."

मी सांगायला लागलो. ओट्यावर बसलेला भाचा मधेच म्हणाला, "नाही मामा, तसं नव्हतं." त्यानं त्याचं सांगितलं. तांदूळ निवडत बसलेली आत्या म्हणाली, दोघंही चुकताय, आणि तिनं तिसरंच सांगितलं. अण्णा पिशवी खाली ठेवून पायरीवर बसले.