ठोका आणि गिरकी

हलगी शेकताना घाई चालत नाही. चिपाडं, वाळका पाला, रद्दी कागद यांचा जाळ करायचा, लोखंडी कडं हातात धरून कातडं जाळावरून फिरवत राहायचं आणि मधूनमधून बोटाने वाजवून ऐकायचं. कातड्यातला ओलावा उडाला की ते आकसतं, ताण वाढतो आणि बसका आवाज खणखणीत होतो. जास्त शेकलं तर कातडं फाटतं. गणपतीच्या दिवसांत सोलापूरची कोरडी हवाही दमट होते, त्यामुळे सरावाच्या संध्याकाळी वादकाला पुन्हा पुन्हा जाळाकडे जावं लागतं. रॉकचा गिटारवादक दोन गाण्यांच्या मधे तारा जुळवतो, तेच हे काम.

पाणीवेस तालीम, पत्रा तालीम अशा तालमींच्या या शहरात गणेशोत्सव जवळ आला की पेठापेठांत लेझमाचा सराव सुरू होतो. बघणाऱ्यांचे डोळे लेझमाच्या रांगांवर असतात. मी मात्र अशा एका सरावात हलगीवाल्यांच्या शेजारी उभा राहिलो, कारण मला त्यांचे हात बघायचे होते.

उजव्या हातात आखूड, जाडसर काठी. ती कातड्याच्या मध्याकडे पडते आणि भरीव ठोका देते. डाव्या हाताचं काम अवघड आहे. त्याच हाताने कडं छातीशी धरायचं आणि त्याच हाताच्या बोटांत बारीक, लवचीक काडी धरून काठाजवळ वाजवायचं. हात कड्यात अडकलेला असल्यामुळे मनगटाला फारशी मोकळीक नाही, सगळी हालचाल बोटांची. उजव्या हाताच्या दोन ठोक्यांमधली जागा ही काडी बारीक, समान तुकड्यांत भरत राहते. हलगीचा कडकडाट म्हणतात तो या भरण्यातून येतो. लांबून दिसतो उजवा हात, पण वादकाची खरी तयारी डाव्या हाताच्या बोटांत कळते.

गिटारमध्येही लांबून दिसणारं आणि खरोखर वाजणारं असं वेगळं काढता येतं. जिमी हेंड्रिक्सने 1967 साली माँटेरीच्या महोत्सवात गिटार पेटवली, ते चित्र जगभर गेलं. तो दातांनी वाजवतो म्हणून लोक थक्क व्हायचे, पण त्या वेळीही तारा दाबणारा, सोडणारा, सूर ठरवणारा हात पट्टीवर आपलं काम चोख करत असे. द हू बँडचा पीट टाउनशेंड हात पवनचक्कीसारखा पूर्ण फिरवून तारांवर आणतो. एवढ्या मोठ्या फेऱ्यात नाजूक सुरावट वाजवता येत नाही, म्हणून तिथे तो भरभक्कम कॉर्डच वाजवतो. आविर्भाव कुठे परवडतो हे त्याला नेमकं माहीत आहे. दुसऱ्या टोकाला किंग क्रिमसनचा रॉबर्ट फ्रिप. तो स्टुलावर बसून वाजवतो आणि अंगाने काहीच करून दाखवत नाही. मला दोघंही प्रिय आहेत, आणि त्यांच्यातला एक खरा नि दुसरा दिखाऊ ही वाटणी मला मान्य नाही.

पण रॉकच्या गिटारवादकाला एक मोठी सवलत असते. त्याच्या मागे ड्रमर बसलेला असतो. गिटारवाला उडी मारताना एखादा सूर गाळून गेला तरी ताल उभा राहतो. हलगीवाल्याला ही सवलत निम्मीच मिळते. घुमकं आणि कैताळ सोबत असतील तर ते खालचा ठेका धरतात, पण लेझमाच्या रांगा चालतात हलगीच्या बारीक भरणीवर. लेझमाची साखळी ताणायची कधी आणि मिटायची कधी हे त्या भरणीतून कानाला कळतं. काडी किंचित रेंगाळली तरी सगळ्या चकत्यांचा मिळून एक आवाज येत नाही, तो पसरतो आणि मैदानातल्या प्रत्येकाला ऐकू येतो. ताल राखणारा आणि नाचणारा इथे एकच माणूस आहे.

त्या सरावात एक तरुण वादक होता, अंगाने चपळ. तो गिरकी घ्यायचा तेव्हा पोरं शिट्ट्या वाजवायची. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो. अंग फिरायला लागलं की डाव्या हाताची पकड कडं सांभाळण्यात गुंतायची आणि काडीचे ठोके विरळ व्हायचे. पुढची रांग त्याला बघून निभावून न्यायची. मागची रांग फक्त ऐकत होती, ती तुटायची. म्हातारे अण्णा, त्या ताफ्यातले सर्वांत जुने वादक, एवढंच म्हणाले, “गिरकी घे की. पण डावा हात झोपवू नको बे.”

अण्णा स्वतः कमी नाचत नाहीत. ते गुडघ्यावर येतात, कमरेतून मागे वाकतात, हलगी डोक्याच्या वर नेतात. बराच वेळ पाहिल्यावर मला त्यातली संगती दिसली. हलगी वर गेली की पुढच्या आवर्तनाला लेझमाचा प्रकार बदलतो. मिरवणुकीत शेजारच्या मंडळाच्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे मागच्या रांगेला ऐकू येण्याची खात्री नसते, तेव्हा वर गेलेली हलगी दिसते. गाणं संपवताना गिटारवादक गिटारची मान उंच नेऊन झटक्यात खाली आणतो आणि ड्रमर ती बघून शेवटचा ठोका देतो, त्याच जातीची ही खूण. ज्याला आपण सादरीकरणाचा थाट म्हणतो, त्यातला कितीतरी भाग सोबत्यांशी बोलणं असतं.

कुस्तीच्या फडात हाच वादक वेगळा दिसतो. सगळ्यांचे डोळे मल्लांवर, हलगीवाला कडेला उभा. पकड घट्ट झाली की लय चढते, मल्ल सुटले की उतरते. तिथे अंग हलवण्याचं कारण नाही, म्हणून ते हलत नाही.

मिरवणुकीत मात्र नोट खिशाला लावली जाते ती गिरकीनंतर. डाव्या हाताच्या काडीला कुणी बिदागी दिलेली मी पाहिली नाही. हलगी पिढ्यान्पिढ्या मुख्यतः मातंग समाजातल्या कलावंतांनी वाजवली. गावाच्या प्रत्येक कार्यात तिचा मान पहिला आणि वाजवणाऱ्याची जागा शेवटची, असं दीर्घकाळ चाललं. ज्याला बैठकीत बसून कुणी ऐकलं नाही, त्याने रस्त्यावर लोकांची नजर खेचून घेतली, याला नाटकीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

हल्ली प्लास्टिकचा पडदा नटबोल्टने आवळलेल्या हलग्या सर्रास दिसतात. त्या पावसात उतरत नाहीत, जाळ लागत नाही, आवाज मोठा. सोय खरी आहे. पण मध्यावरचा आणि काठावरचा ठोका त्यांत मला फार जवळजवळचा ऐकू येतो. बोटांनी काढलेला बारकावा ऐकूच जात नसेल तर पोरगं अंगाकडेच वळणार.

अण्णांनी त्या तरुणासाठी एक सराव लावला होता. उजवी काठी काढून घ्यायची. नुसत्या डाव्या काडीवर लेझीम चालवायचं आणि चालवताना गिरक्या घ्यायच्या. पहिली गिरकी सगळ्या रांगांनी पेलली, दुसरीही. तिसरीला मागची रांग सुटली. अण्णांनी लगेच ठरवून टाकलं, यंदा मिरवणुकीत दोनच.