आखाड्यापासून महाविद्यालयापर्यंत

जालन्याचा विद्यार्थी आज पदवीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे पाहतो. ते १९५८ साली स्थापन झाले. तत्पूर्वी या भागातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली असत. परंतु आपल्याकडील देशी व्यायामास पदवीचा मान कसा लाभला, हे पाहावयाचे असल्यास जालना जिल्ह्याची पूर्वेकडील शीव ओलांडून वऱ्हाडात, थेट अमरावतीस जावे लागते.

ही शीव एके काळी नुसती नकाशावरची रेघ नव्हती. १८५३ पासून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. जालना निजामाकडेच राहिले. निजामी राज्यात १९३० नंतरच्या दशकात नवा आखाडा काढावयाचा तर सरकारची परवानगी लागे. चार तरुण दंड-बैठका काढण्यास जमले, की ते राजकारणासाठीच जमले असावेत, असा वहीम घेतला जाई. आणि खरे सांगावयाचे तर तो वहीम प्रत्येक वेळी निराधार असे, असेही म्हणवत नाही! अमरावतीस मात्र १९१४ सालीच अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी आखाड्याचा पाया घातला. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ते हेच.

आखाड्यांचा महाराष्ट्रात तोटा कधीच नव्हता. उणीव होती ती निराळीच. विद्या उस्तादाच्या अंगात असे आणि बहुधा त्याच्याबरोबरच ती संपे. मल्लखांबाचेच पाहा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. जमिनीवर सुमारे अडीच मीटर उंच, वर निमुळता होत गेलेला गुळगुळीत लाकडी खांब. त्याला एरंडेल चोळावयाचे आणि त्यावर तेढ्या, फरारे, आसने करावयाची. हात कोठे, मांडीची पकड कोणती, कोणत्या उडीनंतर कोणती शिकवावी, हा क्रम ठरला नाही तर पन्नास मुलांच्या वर्गास तो खांब निरुपयोगीच. मंडळाने मोठे कार्य केले ते येथे. देशी व्यायाम त्याने वर्गात शिकविण्याजोगे केले, आणि शिक्षकांसाठी सुट्टीतील शिक्षणवर्ग चालविले. खेळांना बांधीव नियम हवेत ही निकड इतरत्रही जाणवत होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम ठरविण्याचे काम हाती घेतले, तेही १९१४ सालीच. बडोद्यास मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश तर पुढे १० खंडांचा झाला.

१९३६ साली मंडळाचे पथक ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी बर्लिनला गेले. तेथे त्यांनी मल्लखांब, लेझीम आणि आपली हुतूतू, म्हणजेच कबड्डी, ही करून दाखविली. ते प्रदर्शन होते, स्पर्धा नव्हे. पदकाचा प्रश्नच नव्हता. नाझी राजवटीच्या त्या थाटामाटाबद्दल आज कौतुकाने बोलवत नाही. तरीही परक्या मैदानावर आपल्या गावठी मानलेल्या खेळास प्रेक्षक लाभला, ही गोष्ट घरच्या सुशिक्षितांस बरेच काही शिकवून गेली असावी. दोनच वर्षांनी, १९३८ साली, कलकत्त्यास भरलेल्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत कबड्डीचा समावेश झाला.

१९६७ साली मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय काढले. तेव्हा विद्यापीठ नागपूरचे होते. अमरावतीस स्वतःचे विद्यापीठ १९८३ साली मिळाले. मंडळाचे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ साली पद्मश्री जाहीर झाली. तोवर जालन्याची जुनी शीवही उरली नव्हती. १९५६ साली मराठवाडा व विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. आज अमरावतीच्या त्या आवारात पोहण्याचा तलाव आहे, जिम्नॅस्टिक्सची सोय आहे, विस्तीर्ण मैदाने आहेत. आणि मल्लखांब तेथे अजूनही शिकविला जातो.