फोटो खोटं बोलतो का?

दिवाळीत अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींत, सोसायट्यांत मुलं मातीचे किल्ले करतात. मोबाईल जमिनीला टेकवून फोटो काढला, की दोन फुटांचा मलंगगड खऱ्या डोंगराएवढा वाटतो. असं का? डोंगर आपण नेहमी खालून वर बघतो. शिवाय फोटोत उंचीचा अंदाज यायला दुसरं काही नसतं. शेजारी एक चप्पल दिसली, की भ्रम उतरला!

मोठी माणसंही अशीच फसली आहेत. १९१७ साली इंग्लंडमधल्या कॉटिंग्ले गावात दोन मुलींनी कागदाच्या पऱ्या कापून, टाचण्यांनी उभ्या करून फोटो काढले. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांना ते खरे वाटले. कबुली मिळाली थेट १९८३ मध्ये. म्हणजे कॅमेऱ्याने समोर होतं तेच टिपलं. खोटी होती ती सोबत सांगितलेली गोष्ट.

वर्गात करून बघा. एकाच किल्ल्याचे जवळून आणि लांबून दोन फोटो काढा. मग मुलांना विचारा :

१. कॅमेरा कुठे ठेवला होता?
२. चौकटीबाहेर काय राहिलं?
३. मोजायला शेजारी काय आहे?
४. फोटोसोबत काय सांगितलंय, आणि कोणी?

‘आम्ही केलेला किल्ला’ लिहिलं तर ती कला. ‘काल गडावर गेलो होतो’ लिहिलं तर थाप.

पालकांनो, हा नुसता खेळ नाही. उल्हास नदीला पूर आला की ग्रुपवर फोटो धडाधड येतात. खोट्याला घाबरून पळणं आणि खऱ्याला थाप समजून घरात बसणं, दोन्ही महागात पडतं.