कायद्याने घडवलेला वर्णभेद : अमेरिकेची दक्षिणेकडील राज्ये आणि 'जिम क्रो'चा काळ

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या आणि गोऱ्या माणसांचे सार्वजनिक आयुष्य शाळेपासून दफनभूमीपर्यंत वेगळे केलेले होते, आणि ही विभागणी गुलामगिरीच्या काळापासून अखंड चालत आलेली रूढी आहे, असा समज दीर्घकाळ रुजलेला होता. इतिहासाचा पुरावा या समजाला आधार देत नाही. वंशद्वेष जुना होता, यात शंका नाही. परंतु त्या द्वेषाला कलमे, दंड आणि तुरुंग यांचे बळ देणारी व्यवस्था मुख्यतः १८९० नंतरच्या दोन-तीन दशकांत विधिमंडळांनी जाणीवपूर्वक उभी केली आणि न्यायालयांनी तिला मान्यता दिली. या व्यवस्थेला 'जिम क्रो' म्हणतात. १८३० च्या सुमारास एक गोरा नट चेहऱ्याला काळे फासून काळ्या माणसाची टवाळी करणारे पात्र रंगवीत असे, त्या पात्राचे हे नाव पुढे साऱ्या कायद्यांना चिकटले.

गुलामगिरीत अशा विभागणीची फारशी गरज नव्हती, कारण मालकी हक्कानेच दोघांची पायरी ठरलेली होती; गोऱ्या घरातील स्वयंपाक आणि मुलांचे संगोपन काळ्या स्त्रियांच्याच हातून होत असे. यादवी युद्धानंतर चित्र पालटले. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, १८६८ च्या दुरुस्तीने नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण मिळाले आणि १८७० च्या दुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली गेली. 'पुनर्रचना' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काळात मिसिसिपीसारख्या राज्यातून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ सिनेटवर निवडून गेले. १८७७ मध्ये केंद्रीय सैन्याचे संरक्षण उठले आणि गोऱ्या जमीनदारांचा वर्ग सत्तेवर परतला, तरीही पुढची बारा-पंधरा वर्षे अनेक ठिकाणी काळी माणसे मतदान करीत होती आणि एकाच डब्यातून प्रवासही करीत होती. सी. व्हॅन वुडवर्ड या इतिहासकाराने १९५५ मध्ये या मधल्या काळाकडे लक्ष वेधले. शाळा आणि चर्च आधीपासूनच वेगळी झालेली होती असा आक्षेप इतर अभ्यासकांनी घेतला आणि तो योग्यही आहे, परंतु १८९० नंतर कायद्यांची जी लाट आली, तिचे नवेपण त्यामुळे पुसले जात नाही.

लुइझियाना राज्याने १८९० मध्ये रेल्वेसाठी केलेला कायदा या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. दोन्ही वंशांसाठी 'समान परंतु स्वतंत्र' डबे असावेत आणि चुकीच्या डब्यात बसणाऱ्यास पंचवीस डॉलर दंड किंवा वीस दिवसांची कैद व्हावी, असे त्यात म्हटले होते; मात्र दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दायांना या नियमातून वगळले होते. या एका अपवादात कायद्याचा हेतू स्पष्ट होतो. काळी स्त्री गोऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसली तर चालत होते, पण तीच स्त्री स्वतःचे तिकीट काढून प्रवासी म्हणून शेजारी बसली तर तो गुन्हा ठरत होता. आक्षेप जवळिकीला नव्हता, बरोबरीला होता.

न्यू ऑर्लीन्समधील नागरिकांच्या एका समितीने या कायद्याला आव्हान देण्याचे ठरवले आणि ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी ठरल्याप्रमाणे गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसले. त्यांच्या वंशात आठवा हिस्सा आफ्रिकी होता. माणूस पाहून वंश ओळखता येत नसेल तर तो ठरवण्याचा अधिकार गाडीच्या कंडक्टरला कोठून मिळाला, हा समितीचा एक मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे १८९६ रोजी सात विरुद्ध एक अशा मताने कायदा वैध ठरवला आणि वेगळेपणात कमीपणा वाटत असेल तर तो काळ्या लोकांनी स्वतःच लावलेला अर्थ आहे, असे सांगितले. एकट्या न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. ते स्वतः एके काळी गुलामांचे मालक होते, आणि या कायद्याचा खरा हेतू काय हे सर्वांनाच ठाऊक आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे बजावले.

काळ्या मतदारांच्या हाती मत राहिले असते तर हे कायदे टिकले नसते, म्हणून मताधिकार काढून घेण्याचे कामही त्याच वेळी चालू होते. घटनेत वंशाचे नाव घेऊन बंदी घालता येत नव्हती. तेव्हा मिसिसिपीने १८९० मध्ये मतदारांवर दोन डॉलरची डोईपट्टी बसवली आणि राज्यघटनेतील उताऱ्याचा अर्थ सांगण्याची परीक्षा लावली, जिचा निकाल गोरा अधिकारी देई. लुइझियानाने १८९८ मध्ये 'आजोबा कलम' आणले : १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला स्वतःला किंवा ज्याच्या बापाला वा आजाला मताधिकार होता, त्याला या अटी माफ. त्या तारखेला राज्यातील जवळजवळ कोणत्याही काळ्या माणसाला मताधिकार नव्हता, त्यामुळे निरक्षर गोरा सुटला आणि शिकलेला काळाही अडकला. १८९६ मध्ये त्या राज्यात १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये १,३४२ उरले. सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे १९१५ मध्ये घटनाबाह्य ठरवली, पण डोईपट्टी आणि परीक्षा यांनी काम चालूच ठेवले.

मत गेल्यावर उरलेले सारे वेगाने घडले. केंटकीने १९०४ मध्ये बेरिया कॉलेज या खाजगी संस्थेलाही दोन्ही वंशांचे विद्यार्थी एकत्र शिकवण्यास मनाई केली. बाल्टिमोर शहराने १९१० मध्ये कोणत्या गल्लीत कोणी राहावे हे ठरवणारा नियम केला, आणि ओक्लाहोमाने १९१५ मध्ये टेलिफोनच्या खोल्यादेखील वेगळ्या केल्या. मार्च १९१३ मध्ये वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत टपाल आणि अर्थखात्यांत, जेथे काळे आणि गोरे कारकून वर्षानुवर्षे एकत्र बसत आले होते, तेथे आडोसे उभे राहिले आणि स्वच्छतागृहे वेगळी झाली. १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जाबरोबर छायाचित्र जोडणे सक्तीचे झाले. हे राजधानीत घडत होते, दूरच्या खेड्यात नव्हे, आणि करणारे प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी प्रमुख होते; द्वेष हा केवळ अडाणी माणसाचा दोष असतो, ही समजूत येथे कोसळते.

मराठी वाचकांचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना गौरवाने अर्पण केला, तेव्हा पुनर्रचनेचा काळ चालू होता. अवघ्या चार वर्षांत त्या मुक्ततेचे संरक्षण काढून घेतले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले, म्हणजे विल्सन यांच्या कारकिर्दीला तेव्हा काही महिनेच झाले होते. त्याच विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला शास्त्रीय आधार नाही, असे १९११ च्या आपल्या ग्रंथातून मांडत होते. जातिभेद हा वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनी पुढे ठामपणे मांडले. तरीही १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे काळ्या लोकांच्या वतीने झालेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, कारण अस्पृश्यांच्या वतीने असाच अर्ज करण्याचा विचार त्यांच्यासमोर होता.

या कायद्यांच्या पाठीशी झुंडीची हिंसा उभी होती. मेम्फिस येथील पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९२ पासून दाखवून दिले की, झुंडीने ठार मारलेल्यांवर ठेवलेले आरोप पुष्कळदा बनावट असत आणि खरे कारण व्यापारातील स्पर्धा हे असे. याबद्दल त्यांचे छापखान्याचे साहित्य उद्ध्वस्त करण्यात आले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या राष्ट्रीय संघटनेने १८८९ ते १९१८ या तीस वर्षांतील ३,२२४ झुंडबळींची नोंद केली, त्यांतील २,५२२ काळे होते. जुलै १९१७ मध्ये सुमारे दहा हजार काळे स्त्री-पुरुष आणि मुले न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरून एकही घोषणा न देता चालत गेले. झुंडबळीविरोधी विधेयक जानेवारी १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण दक्षिणेकडील सदस्यांनी सिनेटमध्ये चर्चा लांबवून ते मारले, आणि त्यानंतरच्या अशा विधेयकांचीही तीच गत झाली. आगगाडीचे डबे वेगळे करण्याचा कायदा एका राज्याने एका अधिवेशनात केला होता. झुंडबळीला केंद्रीय गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर अध्यक्षांची सही होण्यास २९ मार्च २०२२ हा दिवस उजाडावा लागला.