स्वादुपिंडाचा दाह आणि वेदनेचा पहिला तास

स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे, म्हणजेच अक्यूट पँक्रिअटायटिसचे, निदान बहुतेक वेळा अवघड नसते. अवघड असते ते त्या दाहाची पुढची चाल ओळखणे. वरच्या पोटात उठून पाठीत जाणारी असह्य कळ आणि रक्तातील अमायलेज किंवा लायपेज या विकरांची सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक वाढ एवढ्यावर निदान पक्के होते; परंतु ज्याचे लायपेज अधिक त्याचा आजार अधिक गंभीर, असे मात्र नसते. बहुसंख्य रुग्ण आठवडाभरात बरे होतात, तर काहींचे फुप्फुस, मूत्रपिंड वा रक्ताभिसरण ढासळते, आणि ही अवस्था 48 तासांहून अधिक टिकली तर 2012च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार तो आजार ‘गंभीर’ ठरतो. पहिल्या दिवशी हे दोन्ही प्रकारचे रुग्ण खाटेवर सारखेच कण्हत असतात, आणि त्यांना वेगळे ओळखण्यासाठीच रक्तातील दाहसूचकांकडे, म्हणजे शरीरातील दाहाची तीव्रता सांगणाऱ्या घटकांकडे, पाहिले जाते.

स्वादुपिंडातील पाचक विकरे एरवी आतड्यात पोहोचल्यावरच कार्यान्वित होतात. पित्ताशयातील खडा नलिकेत अडकल्याने, मद्याने किंवा रक्तातील ट्रायग्लिसराइड बेसुमार वाढल्याने ती ग्रंथीतच कार्यान्वित झाली की ग्रंथीच्या पेशी नष्ट होऊ लागतात, पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात आणि इंटरल्यूकिन-6सारखी संदेशवाहक प्रथिने रक्तात मिसळतात. हा संदेश यकृताला मिळाला की ते सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीआरपी, तयार करू लागते. टिलेट आणि फ्रान्सिस यांनी 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन प्रथम नोंदवले, यावरूनच ते एकट्या स्वादुपिंडाचे नाही हे ध्यानात यावे. संदेश मिळून प्रथिन तयार होईपर्यंत वेळ जातो: सीआरपी साधारण 6 ते 12 तासांनी चढू लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते. गंभीर आजाराची शंका घेण्यासाठी वापरला जाणारा लिटरला 150 मिलिग्रॅम हा उंबरठा म्हणूनच 48व्या तासाच्या आसपासचा आहे.

प्रयोगशाळेत या आकड्याची घडण पाहण्यासारखी असते. रुग्णाचे रक्त गोठू देऊन ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की वर पिवळसर सीरम राहते. सीआरपीला चिकटणारी प्रतिद्रव्ये लावलेले लेटेक्सचे सूक्ष्म कण त्यात मिसळले की ते परस्परांशी जुळून द्रव गढूळ होतो, आणि तो गढूळपणा यंत्र प्रकाशाच्या साहाय्याने मोजते. सीआरपी फार वाढलेले असेल तर सीरम पातळ करून पुन्हा तपासावे लागते, कारण मोजणीच्या मर्यादेपलीकडचा आकडा फसवा निघू शकतो. कधी सेंट्रिफ्यूजमधून निघालेले सीरमच दुधासारखे पांढरे दिसते. अशा वेळी ट्रायग्लिसराइड अतोनात वाढलेले असते; हा पांढरेपणा गढूळपणावर आधारलेल्या मोजणीत बाधा आणतो, पण आजाराचे कारणही डोळ्यांसमोर ठेवतो, आणि चाणाक्ष तंत्रज्ञ त्याची नोंद रिपोर्टवर आवर्जून करतो. एककाकडेही लक्ष हवे: काही प्रयोगशाळा लिटरला तर काही डेसिलिटरला किती मिलिग्रॅम ते लिहितात, त्यामुळे एकीकडचे 150 दुसरीकडे 15 म्हणून छापले जाते.

जेथे ही तपासणी लगेच होत नाही तेथे साध्या सीबीसीचा उपयोग होतो. दाह वाढला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात आणि शरीरावरच्या ताणाने लिम्फोसाइट घटतात, म्हणून पहिल्यांना दुसऱ्यांनी भागून येणारे गुणोत्तर वर जाते. काचपट्टीवर 100 पेशी मोजताना 84 न्यूट्रोफिल आणि 7 लिम्फोसाइट आढळले, तर ते 12 येते. त्याचा सर्वमान्य उंबरठा ठरलेला नाही, तरी तालुक्याच्या गावी जादा खर्चाशिवाय मिळणारी ही माहिती दुर्लक्षून चालणार नाही.

वाढलेले सीआरपी पाहून प्रतिजैविके सुरू करण्याची घाई मात्र चुकीची आहे, कारण सुरुवातीचा हा दाह बहुधा जंतूंविना असतो. जंतुसंसर्गाची शक्यता जोखण्यासाठी प्रोकॅल्सिटोनिन अधिक उपयोगी पडते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मँचेस्टरच्या चाचणीत त्याच्या आधारे निर्णय घेतल्यावर रुग्णांना अपाय न होता प्रतिजैविकांचा वापर कमी झाला. शिवाय कोणताही दाहसूचक एकटा पुरत नाही. नाडी, श्वासाची गती, लघवीचे प्रमाण, रक्तातील युरिया आणि सलाईन दिल्यावरही न उतरणारे हिमॅटोक्रिट यांच्या जोडीने तो वाचावा लागतो, आणि एका आकड्यापेक्षा त्याची दिवसागणिक चढउतार अधिक बोलकी असते. दुसऱ्या दिवसाअखेर कमी राहिलेले सीआरपी जेवढा दिलासा देते, तेवढ्या खात्रीने वाढलेले सीआरपी संकट वर्तवत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

हे सारे अवलंबून असते ते घड्याळावर. पोटदुखीला आधी पित्त समजून घरगुती उपाय होतात, मग गावच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतले जाते आणि त्यानंतर रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचतो. तेथे ‘पहिला दिवस’ म्हणून नोंदलेला दिवस आजाराचा तिसराही असू शकतो. कळ उठून 5 तास झालेल्या रुग्णाचे 20 हे सीआरपी निर्धास्त करणारे नसते, तर 50 तासांनंतरचे 20 पुष्कळ आश्वासक असते. तपासणीच्या चिठ्ठीवर रक्त घेतल्याची वेळ बहुधा असते, कळ सुरू झाल्याची वेळ क्वचितच. डॉक्टरांनी ती विचारून लिहावी, आणि नातेवाइकांनीही ‘कालपासून दुखतंय’ एवढ्यावर न थांबता कळ नेमकी किती वाजता उठली ते आठवून सांगावे.